इराच्या लेझीमची चिकटपट्टी

मंडळाच्या गणपतीत छोट्यांचं लेझीम बसवायचं ठरलं, आणि पहिल्याच तालमीत इराचा ताल चुकला म्हणून मंडळातल्या चारुदत्तने तिच्या लेझीमला चिकटपट्टी लावायची सूचना मांडली. चारुदत्त बँकेत जोखीम कमी करण्याच्या खात्यात होता. चकत्या चिकटवल्या की लेझीम वाजत नाही, आणि जे वाजत नाही ते चुकत नाही.

"काकू, मूल स्टेजवर दिसतं, फोटोत येतं, कुणाला कळतही नाही," त्याने इराच्या आजीला, नीलिमाबाईंना समजावलं. "रविवारपर्यंत जमलं तर उत्तम. नाहीतर पट्टी."

परदेशी, बेडोकला मुलाकडे राहायला आल्यापासून नीलिमाबाईंनी लिफ्ट, एमआरटी ट्रेन आणि सुनेचा मायक्रोवेव्ह या सगळ्यांशी जुळवून घेतलं होतं. नातीच्या हातात मुकं लेझीम मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

"आई, पाच वर्षांची आहे ती," वन-नॉर्थच्या ऑफिसातून आलेला विक्रांत बूट काढत म्हणाला. "वाजवलं काय, न वाजवलं काय."

"पाचव्या वर्षीसुद्धा कळतं बरं, आपल्याला गप्प बसवलंय ते," नीलिमाबाई म्हणाल्या आणि इराला समोर बसवून चार-चार टाळ्यांचा ताल धरायला लागल्या.

आजीची तिसरी टाळी हवेत होती तेव्हा इराच्या चारही उरकल्या होत्या.

"आजी, आय फिनिश्ड ऑलरेडी."

"अगं, माझ्याबरोबर वाजवायच्या."

"बट यू सो स्लो. आय वॉज फर्स्ट, लाह," इरा शाळेत उचललेल्या तिथल्या बोलीत म्हणाली.

नीलिमाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी ताल चुकत नव्हती, शर्यत जिंकत होती. शाळेत आधी संपवणाऱ्याला स्टिकर मिळतं. ज्या गावात सरकते जिनेसुद्धा ऑफिसला उशीर झाल्यासारखे धावतात, तिथे पहिलं येऊ नये हे तिला सांगणार कोण, आणि सांगितलं तरी ती ऐकणार का? त्यापेक्षा आधी पोचणाऱ्याची फजिती होईल असं काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या कपडे वाळत घालायची लांब दोरी घेऊन खाली उतरल्या. इमारतीखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळू नये अशी पाटी होती. दोरीच्या उड्यांबद्दल सरकारने अद्याप मत दिलं नव्हतं. दोरीचं एक टोक त्यांनी खांबाला बांधलं, दुसरं हातात धरून गरगर फिरवलं. फरशीवर थाप पडायला लागली.

इराने घाईने उडी मारली. दोरी मागून निवांत आली आणि पायात अडकली.

"द रोप इज स्लो."

"तसं सांग तिला."

इराने सांगितलं. दोरीने ऐकलं नाही. पुन्हा उडी, पुन्हा पाय अडकला. इरा रडवेली झाली, घरी जाऊ या म्हणाली. नीलिमाबाई हात न थांबवता म्हणाल्या, "उडी नकोच मग. नुसती उभी राहा आणि थाप ऐक."

इरा फुरंगटून उभी राहिली. हळूहळू तिची मान हलायला लागली, मग गुडघे. नीलिमाबाईंचा खांदा भरून आला तरी त्यांनी दोरी सोडली नाही. संध्याकाळी इराने थाप येऊ दिली, आणि मगच उडी मारली. रोज तेच चाललं. नंतर उड्या थांबवून आजीने तिच्या हातात लेझीम दिलं.

रविवारी तालमीला न्यायला चारुदत्त आला तो चिकटपट्टीचं रीळ घेऊनच.

"बरा आलास. खांबाची गाठ सारखी सुटते," म्हणत नीलिमाबाईंनी दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं.

चारुदत्तने ते असं भरभर फिरवलं की दोरीला पीळ पडून ती मध्येच लोळली.

"अंकल, वेट," इरा म्हणाली. "आधी तिला खाली येऊ द्यायचं. घाई केली की अडकतं, लाह."

चारुदत्तने हात आवरला. थाप पडायला लागली आणि प्रत्येक थापेला इराचं लेझीम वाजायला लागलं. मध्येच एकदा ते थापेच्या आधी खणखणलं. इराने ओठ चावला, लेझीम छातीशी धरलं, एक थाप जाऊ दिली आणि पुढचीला बरोबर उचललं.

"काकू, एकदा चुकली."

"चुकली ना. मग सावरलं कोणी, तुझ्या पट्टीने?"

चारुदत्तने मोकळ्या हाताने रीळ खिशात टाकलं.

"अजून फिरवू?"

"फिरव की. फक्त घाई करू नकोस," नीलिमाबाई म्हणाल्या. "चुकलास तर पट्टी तुझ्या खिशातच आहे."