कोचबाईंचे लाडू

मीनाक्षी खांबेटे कॉलेजच्या मुलींच्या सॉकर टीमची हेड कोच कशी झाली म्हणाल, तर एका 'हो'पायी झाली. १९८० साली अमेरिकेत, नेपरव्हिल गावापासून तासाभरावरच्या एका छोट्या कॉलेजात ती बॅडमिंटन शिकवायची. मुलांची टीम आहे तर मुलींचीही हवी, असा वरून दट्ट्या आला आणि खेळ विभागाचे प्रमुख मिस्टर डंकेल तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "तुमच्या देशात सॉकर खेळतात ना?" त्यांनी विचारलं. "हो," मीनाक्षी म्हणाली. त्यात खोटं काय होतं? देश खेळतच होता. ती स्वतः मिरजेची, उभ्या जन्मात फक्त खो-खो खेळलेली, हे विचारलं कुणी? सोमवारी गळ्यात शिट्टी आली आणि बाई लायब्ररीतून सॉकरची तीन पुस्तकं घेऊन घरी गेल्या.

पण हट्टाला पेटली की मीनाक्षी कुणाचं ऐकते थोडीच! सहा वर्षांत ती ऑफसाइडपासून पेनल्टीपर्यंत सगळं शिकली. पोरींकडून खो-खोसारखे उठाबशांचे आणि वळणांचे व्यायाम करून घ्यायची. "पळ की गं मेले!" अशी आरोळी आली की स्वीडिश आजोबांच्या आणि पोलिश आज्यांच्या त्या सोनेरी केसांच्या नाती बरोब्बर पळायच्या. सगळं छान होतं, फक्त टीम हरायची. सपाटून हरायची. तरी पोरींचा तिच्यावर जीव, आणि तिचा पोरींवर. त्यात १९८६च्या उन्हाळ्याआधी गोलकीपर पास होऊन निघून गेली आणि डंकेलसाहेबांनी सांगून टाकलं, "ऑगस्टपर्यंत गोलकीपर आणा, नाहीतर टीम बंद." टीम बंद म्हणजे कोचही बंद, हे वेगळं सांगायला नको.

गोलकीपर होती, तीही मराठी! नेपरव्हिलच्या हायस्कूलमधली दीपा रिसबूड. लांब हाताची, बॉलला न घाबरणारी. तिला मीनाक्षीच्या टीममध्ये यायचंच होतं. अडचण होती तिच्या बाबांची. राजाराम रिसबूड पुलांची डिझाइन्स करायचे आणि मुलीनं मोठ्या युनिव्हर्सिटीत जाऊन तेच करावं, असं त्यांचं म्हणणं. "सॉकर खेळून कुणाचं भलं झालंय?" असं ते फोनवरच म्हणाले.

तिथे कोचला पोरीच्या घरी जाऊन आईबापांची समजूत घालावी लागते, तशी पद्धतच आहे. मीनाक्षी रविवारी निघाली. आता कुणाच्या घरी पहिल्यांदा जायचं आणि रिकाम्या हातानं? छे! तिनं स्टीलच्या डब्यात चौदा बेसनाचे लाडू भरून नेले.

"अगंबाई, कशाला हो एवढं, मीनाक्षीताई!" दीपाची आई शोभा म्हणाली. राजारामपंत म्हणाले, "नाही." मीनाक्षी परत निघाली, तर शोभानं डबा चकल्यांनी भरून हातात दिला. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे कुणी शिकवावं लागतं का? मग पुढच्या रविवारी मीनाक्षीला तो डबा पुन्हा भरून नेणं आलं. असे चार रविवार गेले. लाडू जात, चकल्या येत, आणि राजारामपंतांचा 'नाही' हळूहळू मऊ पडत गेला. चौथ्या रविवारी ते म्हणाले, "एक वर्ष. मार्क उतरले की बंद." मीनाक्षी गाडीत बसून आनंदानं रडली.

आणि मग ऑगस्टात घात झाला. कॉलेज ज्या लीगमध्ये खेळायचं, त्या लीगनं सगळ्या नव्या खेळाडूंना एक फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता: कोचनं तुम्हाला किंवा घरच्यांना काही दिलं का? एखाद्या मिरजेच्या पोरीनं 'नाही' लिहून विषय संपवला असता. पण दीपा इथे जन्मलेली, सरळ मनाची. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: हो. लाडू. चार वेळा. मोठा डबा.

झालं! लीगनं चौकशी लावली. मीनाक्षीनं नियमांचं पुस्तक तीनदा वाचलं होतं, बरं का. खेळाडूच्या घरच्यांना पेन द्यायचं नाही, टी-शर्ट द्यायचा नाही, जेवायला न्यायचं नाही, सगळं तोंडपाठ. पण लाडू म्हणजे काही 'देणं' असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ते तर नुसतं कुणाकडे जाणं असतं! दोषी ठरली तर दीपा बाद, गोलकीपर नाही म्हणून टीम बंद, आणि सहा वर्षांची मेहनत पाण्यात. तिला तीन रात्री झोप नव्हती.

चौकशीला तीन जणांची कमिटी बसली. अध्यक्ष होत्या मिसेस हॅगर्टी, ओठ घट्ट मिटून बसणाऱ्या, कागद सरळ रेषेत लावणाऱ्या बाई. बाहेर कॉरिडॉरमध्ये टीमच्या पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत शेवटच्या रांगेत मीनाक्षीचा नवरा प्रताप होता. तो गाडी चालवायला म्हणून आला होता.

"नियम साधा आहे," मिसेस हॅगर्टी म्हणाल्या. "ज्यानं कुणाचं मन वळेल, अशी वस्तू द्यायची नाही. त्या वस्तूत मन वळवण्याजोगं काही नसेल, तर गुन्हा नाही. मिसेस रिसबूड, कसे होते ते लाडू?"

शोभानं मीनाक्षीकडे पाहिलं. मीनाक्षीनं डोळ्यांनी जीव तोडून विनवलं, वाईट म्हण, बाई, वाईट म्हण! पण तोंडावर कुणाच्या हातच्या पदार्थाला नावं ठेवायची? शोभा सदाशिव पेठेतली होती, पण तिलासुद्धा ते जमलं नाही. "फार सुंदर," ती म्हणाली. "तोंडात विरघळत होते. मी तर रेसिपी मागणार होते."

मिसेस हॅगर्टींनी ते लिहून घेतलं.

मग राजारामपंत उठले. "फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "मी स्वतः सहा खाल्ले." मेली ती सभ्यता! एरवी सॉकरला नावं ठेवताना या माणसाची जीभ कधी अडली होती का?

"They were gross!" दीपा ओरडली. "आम्ही बॅकयार्डमध्ये टाकले. खारींनीसुद्धा खाल्ले नाहीत!"

"दीपा! काकूंसमोर असं बोलतात?" शोभानं तिचा दंड धरला.

मिसेस हॅगर्टी म्हणाल्या, "तुला खेळायचं आहे, त्यामुळे तुझी साक्ष धरता येत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे लाडू खाल्लेलं आणखी कुणी आहे का इथे?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. प्रताप दचकला. मीनाक्षीला वाटलं, संपलं. हा माणूस सहा वर्षं तिचे लाडू खात आला होता आणि दर वेळी "मस्त" म्हणाला होता. लग्नाला बारा वर्षं झाली, मिठालासुद्धा कधी नाव ठेवलं नव्हतं त्यानं.

"मिस्टर खांबेटे, तुमचं मत?"

प्रताप उभा राहिला. त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. खिशातला रुमाल काढला, घाम पुसला, रुमाल परत ठेवला. मग म्हणाला, "भयंकर असतात."

मिसेस हॅगर्टींनी पेन पुन्हा उचललं.

"म्हणजे नेमकं काय?"

"बेसन कच्चं असतं," प्रताप म्हणाला आणि बांध फुटला. "टाळूला चिकटतं. साखर दाताखाली करकरते. तूप एवढं, की हात धुवायला दोनदा साबण लागतो. वेलदोडा घालायचा असतो, तर ही सालीसकट घालते. एकदा माझी दाढ हलली. मी गाडीच्या डॅशबोर्डमध्ये लपवून ऑफिसला नेतो आणि तिथल्या डस्टबिनमध्ये..." तो थांबला, कारण आता त्यानं मीनाक्षीकडे पाहिलं होतं.

मीनाक्षीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. तिला हवं ते मिळत होतं आणि तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

मिसेस हॅगर्टींनी चष्मा काढला. "बायकोसमोर उभं राहून जो नवरा हे बोलतो," त्या म्हणाल्या, "तो खोटं बोलत असणं शक्य नाही." तिघांनी माना डोलावल्या. लाडवांत मन वळवण्याजोगं काहीही आढळलं नाही. दीपा खेळू शकते. बाहेर पोरींनी असा आरडाओरडा केला, की डंकेलसाहेब आपल्या खोलीतून धावत आले. शोभा मीनाक्षीचे हात धरून "मला बाई बोलवेचना हो" म्हणत राहिली.

पार्किंगमध्ये प्रताप गाडीजवळ चावी घेऊन उभा होता, शाळेत मास्तरांसमोर उभं राहतात तसा.

"सहा वर्षं?" मीनाक्षी म्हणाली. "सहा वर्षं मस्त, मस्त! एकदा तोंड उघडता आलं नाही तुम्हाला?"

"कसं सांगणार?" तो म्हणाला. "कोच झाल्यापासून तू लाडू कधी करतेस, माहितेय? मॅच हरलीस की. घरी येतेस, पर्स फेकतेस आणि कढई चढवतेस. डोळ्यांतून पाणी, हातात झारा. तुला बेसन भाजायला धीर कुठला? आणि हरून आलेल्या माणसाला, बेसन कच्चं राहिलंय, असं कोण सांगेल गं?"

सहा सीझनमध्ये मीनाक्षीची टीम एकसष्ट मॅचेस हरली होती. आपण एकटीच हरत आलो, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. हा बिचारा तिच्याबरोबर एकसष्ट वेळा हरला होता, आणि प्रत्येक वेळी दुसरा लाडूही मागून घेतला होता.