दुधावरचं वर्तुळ

जंतू जपून ठेवणाऱ्या सरकारी पेढीतून पत्र आलं होतं: बाबांनी पेटंटासाठी ठेवायला दिलेला जंतू मेला आहे. तोच जंतू पुन्हा द्या, नाहीतर त्याच्या एन्झाइमवरचं पेटंट टिकणार नाही. एक मोठी कंपनी याचीच वाट बघत टपून बसली होती.

बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये त्यांच्या हातची एकच कुपी उरली होती. लेकीनं ती दूध घातलेल्या पेट्री डिशवर पसरली. जंतू जिवंत असला, तर त्याचं एन्झाइम भोवतीचं दूध पचवून नितळ वर्तुळ उमटवणार होतं.

"उगवलं का गं?" बाबांचे भागीदार असलेले काका दारातूनच ओरडले.

"उगवलंय."

"सुटलो!" काकांनी खुर्चीत अंग टाकलं. "तुझा बाप मेल्यावरही मला घाम फोडतो बघ."

ती हसली नाही. पट्टी लावून तिनं पुन्हा मोजलं. वर्तुळ पेटंटात लिहिल्यापेक्षा दुपटीनं मोठं होतं.

"काका, हा तो नाही. बाबा त्याला सुधारतच राहिले. नवा हाती लागला की जुना टाकून द्यायचे, तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या कारखान्यात एन्झाइम बनवायलाही हाच गेला असणार."

काका कपाळावर हात मारून म्हणाले, "तरीच गिऱ्हाईकं म्हणायची, हल्ली थोडाच माल पुरतो. आणि मी माल चांगला काढतो म्हणून माझीच पाठ थोपटत होतो!"

"आणि एकदा बाजारात विकलेल्या गोष्टीवर नवं पेटंटही मागता येत नाही."

"मग हाच तो जुना म्हणून सही कर. त्याच वंशातला आहे ना? नातवाला आजोबा म्हटलं तर कोण बघतंय?"

"टपून बसलेत ते बघतील."

"नाही बघितलं तर?" काकांचा आवाज चढला. "त्या पेटंटावर त्याचं नाव आहे, पोरी. तेवढंच उरलंय त्याचं. तेही पुसून टाकणार?"

तिनं पेढीचं पत्र पुढे ओढलं.

"खोटं लिहिलं तरी त्यांचंच नाव राहील, काका. खोट्याखाली."

बाहेर यंत्रं चालू होती. काकांनी ती डिश उचलून उजेडात धरली. तिनं उत्तर लिहिलं, 'मूळ जंतू आमच्याकडे नाही', आणि सही करून कागद त्यांच्यापुढे सरकवला. सही दोघांची लागत होती.

"चष्मा कुठंय माझा?" काका चिडून म्हणाले.

"डोक्यावर."

त्यांनी तो खाली ओढला, आणि न वाचताच सही केली.