माझ्या छातीवर हात ठेवून फोटो काढणाऱ्यांनो

मी बोलतोय, छाती दाबायचा सराव ज्याच्यावर करतात तो रबरी पुतळा. हसू नका. मला हात नाहीत, पाय नाहीत, कमरेखाली काहीच नाही. राग मात्र आहे, आणि भरपूर आहे.

कुणाचं हृदय बंद पडलं तर त्याची छाती कशी दाबायची, हे शिकवायला मला बनवलं. दाब नीट खोल बसला की माझ्या आत 'टक्' वाजतं. वरवर दाबलं की मी गप्प.

माझी पहिली मालकीण निवृत्त परिचारिका. सगळे तिला सिस्टर म्हणत. मोठी कडक बाई. व्यायाम शिकवणारे ट्रेनर दंड फुगवून माझ्यासमोर बसायचे आणि थोड्याच वेळात घामाघूम व्हायचे. "दमलात?" सिस्टर विचारायची. "समोरचा मरायला टेकलाय. त्याला सांगा, दमलो म्हणून." रोज मला बडवून काढायचे, पण बरं वाटायचं.

सिस्टरचे गुडघे गेले आणि तिने मला एका जिमवाल्याला विकलं. त्याला सर म्हणतात. जिमच्या पोटमाळ्यावर, काचेमागे, त्याचा ट्रेनर घडवायचा वर्ग चालतो. घडवतो कसला, दोन रविवारांत प्रमाणपत्र हातात देतो! तिथे माझं काम फोटोपुरतं. एकेकाने गुडघ्यावर बसायचं, माझ्या छातीवर हात ठेवायचे, कॅमेऱ्याकडे बघायचं. झालं, पुढचा या. सर आधी ओल्या फडक्याने माझं तोंड पुसतात, चकाकी यावी म्हणून. दाबत कोणीच नाही. असला थातूरमातूर कारभार बघून माझ्या अंगाची लाही लाही होते.

एकदा एक ताई आली, सोबत तिचे वडील. खाली जिममध्येच तिला ट्रेनरची नोकरी मिळत होती, फक्त प्रमाणपत्र हवं होतं.

"दुसरीकडे सहा महिने लागतात," ती म्हणाली. "पण तिथे सगळं करून घेतात. तिकडे जाऊ का, बाबा?"

सर हसले. "सहा महिने घासून मिळालेला कागद आणि आमचा कागद, भिंतीवर दोन्ही सारखेच दिसतात."

वडिलांनाही घाई होती. "घे हाच," ते म्हणाले. "तुझं पहिलं गिऱ्हाईक मी. डॉक्टर कधीचे मागे लागलेत, चाला म्हणून."

अगं, आधी मला दाबून तर बघ, असं ओरडावंसं वाटलं. पण रबराच्या तोंडाला आवाज कुठला? तिने फोटो काढून घेतला. छान आला म्हणे.

पुढे वडील खरंच यायला लागले. एका सकाळी ट्रेडमिलवर चालता चालता ते कोसळले. मी काचेतून सगळं बघत होतो. ताई धावली, गुडघ्यावर बसली, वडिलांच्या छातीवर दोन्ही हात ठेवले, अगदी फोटोतल्यासारखे. आणि तिथेच थांबली. पुढे काय करायचं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. दाब पोरी, दाब, मी आतल्या आत तडफडत होतो. सर फोनवर नुसते ओरडत होते. रुग्णवाहिका आली तोवर सगळं संपलं होतं.

"वयच झालं होतं त्यांचं," सर नंतर म्हणाले. निर्लज्ज माणूस!

ताई कामावर परत आली. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. मग एक मुलगी आपल्या मावशीला घेऊन वर्गाची चौकशी करायला आली. सरांनी ताईला वर बोलावलं. "ही आमचीच विद्यार्थिनी. विचारा हिला, कसा आहे वर्ग."

ताई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "इथे याच्या छातीवर हात ठेवून फोटो काढतात," ती म्हणाली. "माझाही काढला होता. माझे वडील खाली पडले तेव्हा मला तेवढंच येत होतं."

सरांचा चेहरा पडला. ताईने मावशींना सहा महिन्यांच्या वर्गाचा पत्ता सांगितला. त्याच दिवशी तिची नोकरी गेली.

मी अजून इथेच पडून आहे. येत्या रविवारी पुन्हा माझं तोंड पुसलं जाईल. ट्रेनर व्हायला निघालेल्यांनो, वर्ग निवडताना कागद कधी मिळेल ते विचारू नका. पुतळा कुठे आहे ते विचारा आणि तिथल्या तिथे त्याची छाती दाबून बघा. कोणी अडवलं तर चपला घाला आणि निघा. मी रबराचा आहे, माझ्यावर हजारदा चुका. ताईला चुकायला तिचे वडीलच मिळाले.