गालातला चिंचोका

वच्छलाबाईने कांद्याची पात डाव्या मुठीत धरली, विळ्याने छाटली आणि कांदा न बघताच मागच्या ढिगावर टाकला. हात तीस वर्षांच्या सवयीने आपलं काम करत होता. डोळे मात्र धुऱ्यावर, वावराच्या बांधावर होते. तिथे वावरमालक पंजाबरावांनी थंड पाण्याचा मोठा जार ठेवला होता, वर ओलं फडकं टाकून, आणि शेजारी स्टीलचे चार गिलास.

वरवट बकालच्या शिवारात मजुरांसाठी जार येण्याची ही पहिलीच वेळ. एरवी बायका आपापल्या बाटल्या घरून आणत. जार आला तो सुवर्णा गेल्यावर. वरातीमागून घोडं, असं बायका आपसात म्हणाल्याही. पण पंजाबराव वाईट माणूस नव्हते. सुवर्णा त्यांच्याच वावरात, पलीकडच्या तुकड्यात पडली होती. तेव्हापासून ते दिवसभर धुऱ्यावर उभे राहत, तासातासाला बायकांना हाक मारून बोलवत आणि गिलास स्वतः भरून हातात देत.

सुवर्णा म्हणजे वच्छलाबाईची सून. सव्वीस वर्षांची. आज तिला जाऊन वीस दिवस झाले होते.

तेरवी झाल्यावर वच्छलाबाई पुन्हा आपली मजूर बायकांची टोळी घेऊन कामावर आली, कारण घरात बसून काय करायचं हे तिला कळेना. ती अजून रडली नव्हती. सोयऱ्यांनी ते पाहिलं होतं आणि जाताना एकमेकांच्या कानात सांगितलंही होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. बराच वेळ अंगाखाली राहिलेला हात जसा आपला असून आपला वाटत नाही, तशी ती सगळीच झाली होती. भूक लागली की जेवायची, अंधार पडला की आडवी व्हायची.

पंजाबरावांनी हाक दिली. बायका विळे खाली ठेवून उठल्या, रांगेने धुऱ्यावर गेल्या. प्रत्येकीने गिलास घेतला, ओठ ओले केले आणि पंजाबराव पुढचा गिलास भरायला वाकले की उरलेलं पाणी खांद्यावरून मागे मातीत टाकलं. माती ते लगेच पिऊन टाकी. पंजाबरावांच्या ते लक्षात आलं नाही. जार अर्धा झाला म्हणून ते बिचारे समाधानात होते.

वच्छलाबाईच्या लक्षात आलं, कारण ही रीत तिचीच होती.

तूर उभी असते, कपाशी कमरेच्या वर असते, तेव्हा बाईला चिंता नसते. पिकाच्या दोन ओळींच्या आत शिरलं की झालं. पण कांदा निघतो तो वैशाखात. चहूकडे वावरं उघडी, पार सातपुड्यापर्यंत नजर जाते, आणि धुऱ्यावर कांद्याचे कट्टे, म्हणजे पोती, भरणारे गडी दिवसभर उभे. बाईने लघवीला जायचं कुठे? यावर वच्छलाबाईने आपल्या सासूकडून घेतलेला उपाय होता आणि तो तिने टोळीतल्या प्रत्येक नव्या पोरीला शिकवला होता. सकाळी दोन घोट घ्यायचे. मग चिंचोका गालात धरायचा, तोंडाला पाणी सुटत राहतं. पोटभर प्यायचं ते संध्याकाळी, घरी जाऊन. तिची टोळी कामातून उठत नाही, असं पंचक्रोशीत नाव होतं आणि त्या नावाचा तिला तोरा होता. खोटं कशाला सांगा, चांगलाच होता.

सुवर्णालाही तिनेच शिकवलं होतं. त्या दिवशी दुपारी सुवर्णा पातीऐवजी कांदाच मधोमध कापू लागली. एक कापला, दुसरा कापला. वच्छलाबाईने तिला झापलं, लक्ष कुठं हाये तुयं म्हणून. सुवर्णाने वर पाहिलं आणि हे वावर कोणाचं, असं विचारलं. तिच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. मग ती पुढे कलंडली ती उठली नाही.

दवाखान्यात नर्सबाईने तिचं तोंड उघडलं तेव्हा गालातून चिंचोका निघाला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, सकाळपासून पाणी किती प्यायली होती. दारात प्रेम उभा होता, वच्छलाबाईचा मुलगा, सुवर्णाचा नवरा. वच्छलाबाई म्हणाली, भरपूर. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. प्रेमनेही ते ऐकलं आणि तेव्हापासून येईल त्याला तो तेच सांगत होता. पाणी तर भरपूर प्यायली होती, मग असं कसं झालं? या एका प्रश्नावर त्याचं सगळं अडून बसलं होतं. उत्तर त्याच्या आईपाशी होतं आणि ती मूग गिळून बसली होती.

आता ती पुन्हा वाफ्यात येऊन बसली. शेजारच्या वाफ्यात, जिथे एरवी सुवर्णा बसायची, तिथे करिष्मा होती. एकोणीस वर्षांची, यंदाच टोळीत आलेली. विळ्याचा कच्च असा वेगळा आवाज आला म्हणून वच्छलाबाईने मान वळवली.

करिष्माच्या हातात अर्धा कांदा होता. दुसरा अर्धा मातीत पडला होता.

वच्छलाबाई उठली. ओळ अर्ध्यात सोडून उठायची तिची ही पहिलीच वेळ. तिने पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं आणि तापलेलं. तिने हनुवटीखाली तळहात धरला.

"थुक."

करिष्मा बघत राहिली. मग तिने चिंचोका थुंकला. तो पिवळट, चोखून गुळगुळीत झालेला होता.

"काकू, तुमीच तं सांगतलं होतं," ती म्हणाली.

वच्छलाबाईने तो मुठीत धरला. टोळीतल्या सरस्वतीबाईला हाक मारून तिने पोरीला कट्ट्यांच्या थप्पीच्या सावलीत नेऊन बसवायला लावलं, डोक्याचा शेला भिजवून मानेवर ठेवायला लावलं, घोट घोट पाणी पाजायला लावलं. मग ती धुऱ्याकडे चालू लागली. तिथे पंजाबरावांचा ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उभा होता आणि तो चालवायला प्रेम बसला होता. पंजाबराव पोरीकडे निघालेच होते, तिने त्यांना वाटेतच थांबवलं.

"पंजाबभाऊ, ट्रॉली त्या कोपऱ्यात आडवी लावाले सांगा."

"काऊन? कट्टे तं इकडं हायेत."

"बायायले बसाले आडोसा नाई." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाव सांगावा तसा. "म्हून त्या पाणी पीत नाईत. तुमच्या जारातलं पाणी मातीत चाललं."

कट्टे भरणारे दोघे गडी खाली बघू लागले. असलं कोणतीही बाई बापईमाणसापुढे बोलत नाही. पंजाबरावांनी जाराकडे पाहिलं, त्याच्या पुढ्यातल्या ओल्या मातीकडे पाहिलं.

वच्छलाबाई प्रेमकडे वळली.

"सुवर्णाही पेली नव्हती. सकाळचे दोन घोट, बस. भरपूर पेली म्हून मी खोटं सांगतलं. पिऊ नोको, हे तिले मीच शिकवलं होतं."

प्रेमने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. एकदा पुसली, पुन्हा त्याच जागी पुसली. मग त्याने ट्रॅक्टर चालू केला.

ट्रॉली कोपऱ्यात नेऊन त्याने आडवी लावली, थोडी मागे घेतली, पुन्हा नीट लावली. खाली उतरला. दोघा गड्यांना हाताने बोलावून त्याने लांब आंब्याच्या बुंध्याकडे पाठवलं आणि स्वतः धुऱ्यावर, ट्रॉलीकडे पाठ करून, सातपुड्याकडे तोंड करून बसला. इंजिन त्याने बंद केलं नाही. उभ्या ट्रॅक्टरचं डिझेल जळलं की पंजाबरावांचा जीव वरखाली व्हायचा, हे सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. आज ते फक्त करिष्माला दवाखान्यात न्यायला गाडी बोलावत फोनवर बोलत राहिले. इंजिन धडधडत होतं आणि पलीकडचं काहीच इकडे ऐकू येत नव्हतं.

पहिल्यांदा कोणी हललं नाही. मग सरस्वतीबाई गेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. परत आलेली प्रत्येक बाई जारापाशी थांबली आणि गिलास पुरा रिकामा करूनच वाफ्यात उतरली.

वच्छलाबाई दोन गिलास पाणी प्यायली. पाण्याला चव नव्हती. तिसरा भरून घेऊन ती धुऱ्याने प्रेमच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"पाणी घे," ती म्हणाली.

तो वळला नाही. वळता येण्यासारखं नव्हतंच, मागे बायका होत्या. त्याने हात तेवढा मागे केला. तिने गिलास त्यात दिला. त्याने तो पुढे घेतला आणि न पिता, दोन्ही हातांत धरून, तसाच बसून राहिला.