पान एकशे सत्त्याऐंशीची तळटीप

मित्रांनो, पळू नका! मी एक जुना सरकारी अहवाल आहे, असं म्हटलं की भलेभले जांभई देतात. पानं चारशे बारा, चित्र एकही नाही.

सहा विद्वानांनी दोन वर्षं खपून मला स्टॉकहोममध्ये लिहिलं. विषय होता बेटांवरच्या बोटी. आमच्या स्वीडनमध्ये रीतच आहे, अहवाल छापला की गावोगाव धाडायचा आणि तीन महिने लोकांची मतं मागवायची. तसा मी एका छोट्या बेटाच्या वाचनालयात येऊन पडलो. कोणी मला खिडकीला टेकण म्हणून लावलं, कोणी माझ्यावर कॉफीची किटली ठेवली. वाचलं मात्र कोणीच नाही.

आणि माझ्या पोटात तर लिहिलं होतं, 'हिवाळ्यात उतारू नाहीत, सबब बोट बंद करावी.'

वालबोर्ग ही तिथली निवृत्त टपालवाली. तिच्या नवऱ्याला, एव्हर्टला, रक्त शुद्ध करून घ्यायला आठवड्यातून तीनदा त्याच बोटीने पलीकडच्या इस्पितळात जावं लागे. बोट गेली की घरदार विकून बेट सोडायचं, दुसरा इलाज नव्हता. तिने किटली उचलली, मला पुसलं आणि घरी नेलं.

शेजारचा होल्गर दारातूनच हसला, "काय गं, झोपेच्या गोळ्या संपल्या वाटतं?"

"गप रे! आपल्याला बेटावरून उठवायला निघालेला कागद आपण नाही वाचायचा, तर कोणी?"

रोज न्याहारी झाली की ती पेन्सिल घेऊन बसे. अकराव्या दिवशी पान एकशे सत्त्याऐंशीवर थबकली. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मोजणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केली.'

"एव्हर्ट! अरे, समुद्र गोठला होता तो हाच आठवडा!"

"अगं बाई! तू मला घसरगाडीवर बसवून ढकलत नेलंस तो?"

बर्फ धरला की बेटावरचा माणूस त्यावरून चालतच पलीकडे जातो, बोटीत पाऊल ठेवलं तर लोक हसतात! बोट आपली बर्फ फोडत रिकामीच फिरत होती, आणि मोजणारे ती रिकामी बोट मोजत होते.

आता होल्गरही धावत आला. मासेमारीच्या वहीतून त्याने बर्फाच्या तारखा काढून दिल्या. दहा वर्षांत समुद्र असा एकदाच गोठला होता. वालबोर्गने पत्र धाडलं, पुन्हा मोजणी झाली आणि बोट राहिली.

मित्रांनो, चूक माझ्याच अंगावर छापलेली होती. पण त्या माउलीने मला शेगडीत घातलं नाही, तळटीपेखाली फक्त एक रेघ ओढली. तिचे उपकार मी कसे फेडू? आज मी धक्क्यावरच्या खोलीत असतो. इस्पितळातून थकून परतलेला एव्हर्ट माझ्यावर हात ठेवून विचारतो, "काय रे बाबा, परवा बोट आहे ना?"

आहे. म्हणून एकच मागणं, मला जपून कपाटात ठेवू नका. पेन्सिल घ्या आणि खुशाल मळवा.