शांभवीच्या वाट्याचं तेल

खोकल्याच्या औषधाचं झाकण – आत पाच मिलिलिटरची रेघ – आणि त्या रेघेला जेमतेम टेकलेलं सूर्यफुलाचं तेल. भाजीला एक झाकण, आमटीला एक. शांभवीच्या मऊ भाताला काहीच नाही... सुष्मिताचा हात सवयीनं तिथंच थांबला, आणि सकाळी दवाखान्यात ऐकलेलं पुन्हा कानात हललं – तीन महिन्यांत शंभर ग्रॅमसुद्धा वाढ नाही, बाई. तेल-तूप काय देता हिला?

काहीच देत नाही, असं ती म्हणाली होती, जवळजवळ अभिमानानं. सव्वा वर्षाच्या पोरीला स्निग्ध लागतंच, मेंदू वाढतोय तिचा, डॉक्टर म्हणाले. मेंदू! बी.एस्सी. झालेल्या बाईला हे सांगावं लागावं? वर्तमानपत्रातली कोलेस्टेरॉलची इतकी कात्रणं जपली, त्यांतलं एकही लहान मुलांसाठी नव्हतं हे दिसलं कसं नाही... दिसत होते ते फक्त अण्णा, माझे वडील – मिसळीच्या लालभडक कटात पाव बुडवणारे, आणि एक्कावन्नाव्या वर्षी जिन्यात छाती धरून बसलेले.

"आमटी हाय का आंघोळीचं पाणी?" शांभवीला कडेवर घेऊन सासूबाई, रत्नव्वा, दारात उभ्या होत्या. "काय म्हणाला डॉक्टर?"

"ठीक आहे म्हणाले, अव्वा."

किती सहज आलं ते तोंडातून. पण खरं कसं सांगायचं? बारशाला आलेल्या मावशींसमोर, पुढे कधी हिला तूप चाटवायचं नाही म्हणून मीच बजावलं होतं अव्वांना...

अव्वांनी पोरीला मांडीवर घेतलं, ताटलीतल्या भातावर घाण्याच्या शेंगतेलाची धार धरली आणि मध्येच थांबून वर पाहिलं. रोज इथंच सुष्मिताचा हात आडवा यायचा. आज आला नाही.

"का गं? आज भांडत न्हाईस?"

"वजन वाढलेलं नाही तिचं, अव्वा. मघाशी मी..."

"ठाऊक हाय की. रोज कडेवर घेतोय न्हवं आम्ही."

शांभवीची हनुवटी तेलानं चमकत होती. सुष्मितानं तिला उचलून घेतलं, छातीशी धरलं, या कडेवरून त्या कडेवर केलं – जड आहे? हलकी आहे? कालच्यापेक्षा?... अव्वांना कळलेलं ते तिच्या हातांना सांगताच येईना, आणि ती पोरीला तशीच धरून स्वयंपाकघरात फेऱ्या मारत राहिली.