होल्डवरचा फोन

स्वातंत्र्य माणसाला प्राणाहून प्रिय असतं, असं वर्लिन हॉकनबेरीचं ठाम मत होतं. सरकार बंदुकांवर बंदी आणेल या धास्तीने अमेरिकेतल्या आयडाहोतल्या त्याच्या बंदुकीच्या दुकानापुढे रांग लागत होती, तोवर त्याबद्दल त्याला शंकाही आली नव्हती.

तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकावर काही गुन्हा तर नाही ना, या सरकारी तपासणीसाठी फोन लावला की तास-दीड तास ताटकळावं लागे. त्या तासात वर्लिनला अख्ख्या गावाची दुखणी नि जावई कळत. बायको गेल्यावर त्याचा संसार तेवढाच होता.

आता सगळ्यांची कपाटं बंदुकांनी भरली होती. आठवडाभरानंतर आज ऑर्विल टीग हा पहिला माणूस आत आला. त्याला एक पिस्तूल हवं होतं.

वर्लिनने फॉर्म भरून घेतला, फोन लावला. दोन मिनिटांत मंजुरी आली. पलीकडून फोन ठेवला गेला, तरी त्याने रिसीव्हर कानावरून काढला नाही.

"होल्डवर ठेवलंय," तो म्हणाला. "बस. गुडघा काय म्हणतोय?"

"कुरकुरतोय. तुझ्या कॉफीला बंदुकीच्या तेलाचा वास येतो रे!"

"दुसरं काही खपत नाही, म्हणून तेच पाजतोय."

ऑर्विल हसला. गुडघ्यावरून गोष्ट जावयावर गेली. वर्लिन मधूनमधून रिसीव्हरमध्ये "हो, थांबतो" म्हणत होता. पाऊण तासाने ऑर्विल उठला.

"तुझं सरकार झोपलंय बाबा. निघतो मी."

हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात त्याला तेच पिस्तूल सात मिनिटांत मिळालं.